धुरपदाचा उपास

मी काय काय टाइप करते ते आधी सांगते, म्हणजे मला राग का आला ते तुम्हाला कळेल. लगीनपत्रिका, भाडेकरार, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, दशक्रियेचे निरोप. एका बाईने तर नवऱ्याला सोडायचं की ठेवायचं याचे फायदे-तोटे दोन रकान्यांत टाइप करून नेले होते. अमळनेरला तहसीलसमोर माझं दुकान, रूपा टायपिंग अँड झेरॉक्स, सतरा वर्षं झाली. पण माणसांचं रक्त पिणाऱ्यांची कादंबरी कोणी आणली नव्हती. ती आणली विधीने, भिकमचंद शेठच्या पोरीने, आणि तीसुद्धा कॅलेंडरच्या पाठीवर लिहून.

शेठचं भांड्यांचं दुकान आहे बाजारात. गिऱ्हाइकांना वाटायला दरवर्षी कॅलेंडरं छापतात, शे-दीडशे उरतातच. विधी बी.कॉम. झाल्यापासून दुकानात एका कोपऱ्यात बसते आणि भांड्यांवर नावं घालते. कुकर, पातेली, कळशी, ज्याला जे द्यायचं त्यावर 'कडून' आणि 'यांस'. हातात ते घर्र करणारं मशीन, समोर कुणाची तरी पितळी परात, आणि टेबलाखाली पाय सारखा हलतोय. एकवीस वर्षांची पोर, पण दहा मिनिटं एका जागी स्वस्थ बसली असेल तर शपथ. गिऱ्हाईक नसलं की ती कॅलेंडर उलटं करून लिहायची. मोबाइलवर लिहिलं तर येणारा-जाणारा डोकावतो, आणि कॅलेंडरच्या पाठीवर कोणी काही लिहीत असलं तर तो हिशेबच वाटतो.

गेल्या वर्षी होळीनंतर ती पहिला गठ्ठा घेऊन आली. मी चार ओळी वाचल्या आणि चष्मा काढला.

"हे काय वं माय? यात रक्त पितात."

"हो रूपाताई. कादंबरी आहे. माझ्या वयाच्या मुलांसाठी."

"अगं, तुम्ही जैन लोक कांदा-लसूण खात नाही. दिवस बुडाला की तोंडात पाणी घालत नाही. आणि हे?"

"म्हणून तर तुमच्याकडे आणलं," ती म्हणाली. "तुम्ही कोणाला सांगत नाही, असं सगळे म्हणतात."

हे खरं आहे. सतरा वर्षांत मी अर्ध्या अमळनेरची भानगड टाइप केली आहे आणि एक अक्षर बाहेर गेलेलं नाही. म्हणून कुरकुरत का होईना, बसले.

आता गोष्ट सांगते थोडक्यात. साल एकवीसशे काहीतरी. खानदेशावर फिकट्यांचं राज्य आलेलं. फिकटे म्हणजे रक्त पिणारे, पांढरेफटक, मरत नाहीत, फक्त उन्हाला भितात. आणि आपल्याकडचं ऊन! एप्रिल-मेमध्ये आपली माणसं पटापट पडतात, तिथे फिकट्यांची काय कथा. म्हणून त्यांनी काय केलं, तर वरणगावपासून साक्रीपर्यंत सगळ्या मुलखावर हिरवी जाळी बांधली. केळीच्या रोपांवर बांधतात ना शेडनेट, तशीच, पण दोन जिल्ह्यांवर. खाली कायम हिरवा अंधार. रोज सकाळी प्रत्येक गावात माणसं रांगेत उभी राहतात, डेअरीत दुधाची फॅट बघतात तशी त्यांच्या रक्ताची फॅट बघतात आणि कॅन भरून जळगावला पाठवतात, थोरल्या आबाकडे. थोरला आबा म्हणजे सगळ्यांत जुना फिकटा. कोणी ऊन हा शब्द काढला तरी उचलून नेतात. पोरांना ऊन म्हणजे काय तेच माहीत नाही.

अशा गावातली धुरपदा, वय सतरा. तिच्या आजोबाने तिला एकदा जाळीच्या भोकातून जमिनीवर पडलेला उन्हाचा रुपयाएवढा ठिपका दाखवलेला असतो. तेवढ्यावर ती पेटते. नवव्या प्रकरणात फिकटे तिला पकडतात आणि चावतात. म्हणजे आता तीही अर्धी फिकटी, रक्ताशिवाय जगणार नाही. पण धुरपदा हट्टी. दिवस बुडाल्यावर प्यायचं नाही अशी ती शपथ घेते, आणि दिवसा तर फिकट्यांना रक्त पचतच नाही. म्हणजे प्यायचंच नाही! भूक पोटात घेऊन ती गावोगाव फिरते, माणसं जमवते. तिला कोणी विचारतं, तुझं बळ कशात आहे गं? ती म्हणते, न खाण्यात.

हे टाइप करताना माझा चहा गार झाला. मी चिडले स्वतःवर. म्हटलं रूपा, तुझे भाडेकरार पडलेत.

तर मी पोरीला दर वेळी चहा मागवायची. कधी घ्यायची, सोबत दोन बिस्किटंही खायची. कधी म्हणायची, "नको, आज उपास." महिना-दोन महिने मी लक्ष दिलं नाही. मग एकदा माझ्या ध्यानात आलं. ज्या दिवशी गठ्ठ्यात कोणी मेलेलं असेल, त्या दिवशी उपास. सगळे जिवंत असले की बिस्किटं. मी काय खुळी नाही. गठ्ठा बाजूला ठेवला आणि विचारलं.

"खरं सांग. तू यांचं सुतक पाळतेस का?"

ती हसली नाही. "सुतक नाही. प्रायश्चित्त. एकाला मारलं की एक उपास. फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाच."

"अगं येडी शे का तू? कागदावर मेले ते!"

"आधी मनात मेले, रूपाताई. आमच्यात मनातली हिंसा पण हिंसाच. आणि मारताना..." ती थांबली, तिचा पाय टेबलाला थडथड लागत होता. "त्या फॅट बघणाऱ्या फिकट्याला मारताना मला फार बरं वाटलं. खूपच बरं वाटलं. तेच तर पाप आहे."

"मग त्यांना नावं तरी देऊ नको. बिननावाचे चार मेले काय अन् चाळीस मेले काय."

"तसं सुरुवातीला केलं होतं," ती म्हणाली. "पण मी दिवसभर नावंच घालते ना. नाव घातलेलं भांडं दुकान परत घेत नाही. आणि नाव घातलं नाही म्हणून ते भांडं नसतं का?"

मी टाइप करायला लागले. पण त्या दिवसापासून कोणाचा गळा कापला जायला लागला की माझी बोटं अडखळायची. वाटायचं, पोरीचं उद्याचं जेवण गेलं.

कादंबरीत लढाई, लढाईत माणसं मरणारच. तिचे उपास उधारीसारखे थकत गेले, आणि दोन दिवस लागोपाठ तिला झेपायचे नाहीत, म्हणून एकाआड एक सुरू झाले. आज जेवण, उद्या उपास, परवा जेवण. आता जैन लोकांत नेमकं असंच एक मोठं तप असतं, वर्षीतप. एक दिवस जेवायचं, एक दिवस नाही, असं वर्षाच्यावर चालवायचं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, उसाच्या रसाने सोडायचं. मोठमोठ्यांना जमत नाही. लोकांनी पाहिलं, शेठची पोरगी तोंडातून शब्द न काढता एकाआड एक दिवस उपाशी राहते. झालं! कोणी तिला विचारलं नाही, आणि तिने कोणाला सांगितलं नाही.

तिची आई सुगनभाभी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. भाभी म्हणजे आवाज न चढवणारी बाई, पदर सारखा सावरणारी.

"आमच्या विधीने वर्षीतप धरलाय, रूपाबाई. कोणाला न सांगता. मी घरच्या कॅलेंडरवर खुणा करते. तेरावा महिना लागला." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं अभिमानाचं. मी "हो का" म्हटलं आणि झेरॉक्स दिली. दुसरं काय करणार?

मग गोष्ट वाढत गेली. जैन स्थानकात बायका विधीच्या पाया पडायला लागल्या. साध्वीजी आखाजीच्या पारण्याला अमळनेरात येणार होत्या, आणि समाजात कुजबुज सुरू झाली की ही पोर संसारातली नाही, हिला वैराग्य आलंय, ही दीक्षा घेणार. सगळ्यांसमोर साध्वीजी तिला विचारतील, असं ठरूनही गेलं. शेठ म्हणे एका पाहुण्याला म्हणाले, पोरीची इच्छा असली तर मी आडवा येणार नाही.

"तू नाही म्हणून टाक ना!" मी विधीवर ओरडले.

"म्हणेन. मग विचारतील, तेरा महिने उपास कशाचे केलेस? मला खोटं बोलता येत नाही. खरं सांगितलं तर कॅलेंडरं त्याच दिवशी रद्दीत जातील."

"मग बोलणार काय?"

"काही नाही बोलले तर?"

"तर त्यालाच हो समजतील, बाई माझे!"

त्यातच पुण्याहून मेल आला. पहिली दहा प्रकरणं विधीला विचारून मीच एका प्रकाशकबाईंना पाठवली होती. त्यांना फार आवडली. म्हणाल्या, तरुणांच्या पुस्तकांची मालिका काढतोय, पहिलं पुस्तक हेच. फक्त शेवटचं प्रकरण एप्रिल संपायच्या आत पाहिजे, आणि शेवट दणदणीत पाहिजे. नाहीतर दुसऱ्या कोणाचं पुस्तक घेऊ.

शेवट काय ते आम्हा दोघींना माहीत होतं. आखाजीच्या दुपारी थोरला आबा आणि तीनशे साठ फिकटे जळगावच्या मैदानात जमतात. धुरपदा खांबावर चढते आणि जाळी फाडते. ऊन खाली येतं.

"तीनशे साठ," विधी बोटं मोडत म्हणाली. "एकाआड एक म्हणजे दोन वर्षं. दोन वर्षं आणखी उपास केले तर मला दीक्षा दिल्याशिवाय समाज राहणार नाही."

तिने एक सौम्य शेवट लिहून आणला. फिकट्यांना पश्चात्ताप होतो, सगळे हात जोडतात, जाळी घडी करून ठेवतात. मी वाचलं आणि कागद तिच्या हातात परत दिले. "हे लबाडीचं आहे. दोनशे पानं बारा गावच्या पोरांचं रक्त प्यायले आणि आता घडी करून ठेवतात? मी हे टाइप करणार नाही, जा." ती उठून दारापर्यंत गेली, परत आली, परत गेली. तिलाही ते माहीत होतं.

मग मला एक युक्ती सुचली. "मी मारते ना! तू नुसती बघ. आम्ही मटण खाणारी माणसं, आमचा उपास साबुदाण्याचा. तीनशे साठ मारते आणि एक एकादशी धरते. हिशेब संपला."

"करणं, करवणं आणि अनुमोदन देणं," ती थकल्या आवाजात म्हणाली, "तिन्हीचं पाप सारखंच. दुसऱ्याने केलं आणि मी मनात बरं झालं म्हटलं, तरी लागलंच."

"तुमचा धर्म फार बारीक दळतो बाई," मी म्हटलं. ती खुर्चीतून उठायला गेली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन परत बसली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि तिचा त्या दिवशी उपास. ओला रुमाल डोक्यावर ठेवून मी तिला घरी सोडून आले. परतताना मी स्वतःशीच मोठ्याने शिव्या देत होते, लोक बघत होते.

आखाजीला आठ दिवस उरले तेव्हा सुगनभाभी परत आली. हातात कागद. तपाच्या अनुमोदनेची पत्रिका छापायची होती. 'आमची सुकन्या चि. विधी हिच्या वर्षीतपाच्या पारण्याप्रसंगी...' मी पहिली ओळ टाइप केली, दुसरी केली, आणि माझं डोकं फिरलं.

"भाभी, मी हे टाइप करणार नाही."

"का हो? मजकूर चुकला का?"

सतरा वर्षांत पहिल्यांदा मी कोणाची भानगड बाहेर काढली. कपाट उघडलं आणि प्रिंटचा सगळा गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. "तुमच्या पोरीचे उपास कशाचे आहेत ते यात आहे. वाचा. वाचून मला मारायचं तर मारा."

भाभी प्लास्टिकच्या स्टुलावर बसली आणि वाचायला लागली. पहिल्या पानावर तिने तोंडावर पदर घेतला. दहाव्या पानावर तो खाली आला. मी भाडेकरार टाइप करत होते, पण माझं सगळं लक्ष तिच्याकडे. दुपार गेली. "उद्या येते," म्हणाली, "हे घरी नेता येणार नाही." दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर! पर्समधून घरचं कॅलेंडर काढलं, तिच्या तेरा महिन्यांच्या खुणांचं, आणि वाचता वाचता बोट लावायला लागली. "हा म्हातारा मेला, तो माघातला. ही दोघं, त्या गुरुवार-शनिवारचे." सगळ्या खुणा जुळल्यावर तिने कॅलेंडर खाली ठेवलं.

"म्हणजे हिला दीक्षा घ्यायची नाही?"

"नाही हो भाभी. हिला पुस्तक लिहायचंय."

आणि ती बाई रडायला लागली. मी घाबरले, पाणी आणलं. तिने हाताने थांबवलं. "तेरा महिने मी तोंड दाबून बसले, रूपाबाई. कोणाच्या दीक्षेत आईने आडवं येऊ नये, ते मोठं पाप. मी खुणा करायचे आणि वाटायचं, एक-एक खुणेने पोर हातातून चाललीय. बायका माझं कौतुक करायच्या आणि मला त्यांची तोंडं नकोशी व्हायची." मला तेव्हा झेरॉक्सच्या दिवशीचं ते डोळ्यातलं पाणी आठवलं. अभिमानाचं म्हणे! काय अक्कल माझी.

तेवढ्यात विधी आत आली, नेहमीसारखी घाईघाईने, हातात कोरं कॅलेंडर. आईला बघून दारातच थिजली. आईच्या मांडीवर गठ्ठा.

"मम्मी, मी सांगणार होते..."

"पुढे काय होतं?" भाभी म्हणाली. "शेवटचं कुठे आहे? ती जाळी फाडते ना? फाडायलाच पाहिजे. जळू दे मेल्यांना सगळ्यांना!"

असं म्हणाली आणि तिने जीभच चावली. दोन्ही हात जोडून माफी मागत पुटपुटली, "मिच्छामि दुक्कडम्." मग लेकीकडे बघितलं आणि विधीला हसू आवरेना. मीही हसले. तेरा महिन्यांत त्या पोरीचा पाय पहिल्यांदा स्थिर होता.

"लागलं गं मलाही," भाभी डोळे पुसत म्हणाली. "आता तीनशे साठांतले अर्धे माझे. लिही तू."

पण विधी बसली नाही. तिचं हसू गेलं. "त्यांचं नाही अडलं, मम्मी. त्यांचे उपास मी कसेही करेन, दहा वर्षं करेन. जाळी फाटली की धुरपदा पण जळणार. तिला चावलंय ना. ती वर खांबावर असणार, ऊन पहिल्यांदा तिच्याच अंगावर पडणार. तिला माहीत आहे. मला ते लिहवत नाही." आणि ती मुसमुसायला लागली. मी इतके दिवस उपासांचं गणित मांडत होते, आणि पोरीला खरी भीती याची होती.

भाभीने कॅलेंडर उचलून घडी घातली, पर्समध्ये ठेवलं.

"धुरपदाचा उपास माझा," ती म्हणाली. "तिच्यात तुझी वाटणी नाही. तू जाणार असं मी तेरा महिने धरून चालले होते. आता तुझ्याऐवजी तिला जाऊ दे. माझी मला राहिली."

विधी त्याच टेबलावर बसली. दुपारी दोनला सुरुवात केली, साडेपाचला संपवलं. आई समोर स्टुलावर, कॅलेंडरचा कागद उडू नये म्हणून कोपरा धरून. मी शटर अर्धं ओढलं आणि बाहेर पाटी लावली, लाइट नाही.

पत्रिका छापली नाही. शेठला भाभीनेच घरी सांगितलं. ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी विधीच्या टेबलावर नवीन वही ठेवून गेले. स्थानकात भाभी स्वतः गेली आणि तपस्व्यांच्या यादीतून लेकीचं नाव काढायला लावलं. "ते तप नव्हतं, प्रायश्चित्त होतं," म्हणाली. कशाचं असं विचारलं तर म्हणाली, "पुस्तक येईल, तेव्हा वाचा." साध्वीजी नुसत्या हसल्या म्हणे.

आखाजीला मीही पारण्याला गेले होते. मांडवात ही गर्दी, माहेरी आलेल्या पोरी, उसाच्या रसाचे स्टीलचे पेले, सगळे शेठच्या दुकानातले. विधी रस वाटत होती. भाभीपण वाटत होती, पण स्वतः घेत नव्हती. एका बाईने तिला आग्रह केला, "आज तर सगळ्यांचे उपास सुटतात, तुम्ही का धरलाय?"

"आमची एक पोर गेली," भाभी म्हणाली आणि पुढच्या पेल्यात रस ओतला.

त्या बाईचं तोंड उघडंच राहिलं. तिने आधी विधीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. पेला माझ्या हातात होता, भरलेला, त्यावर विधीने घातलेलं शेठचं नाव. धुरपदाला टाइप मीच केलं होतं; मी तो न पिता तसाच शेजारणीला दिला आणि उन्हात बाहेर आले.